जाड बोट आणि खड्याची अंगठी

मी सोळा वर्षांची होते तेव्हा मला स्वतःच्या एकाच गोष्टीची लाज वाटायची, ती म्हणजे माझी बोटं. नाक बसकं होतं, त्याची नाही. दात थोडे पुढे होते, त्यांचीही नाही. मी चालायला लागले की रहाटाचा रेडा सुटला असं वाटतं, असं आई म्हणायची; ते तर मी कौतुकच समजायची. बोटं मात्र पदराखाली लपवायची.

जाड होती ती. सांध्यांपाशी गाठी आलेल्या, आणि काथ्याच्या पाण्याने कायमची तांबूस झालेली. आमची नारळी-पोफळीची वाडी नागावच्या बाजूला, समुद्राला लागून. खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजवलेली नारळाची सोडणं उपसायची, लाकडी मोगरीने बडवायची, काथ्या मोकळा करायचा आणि दोन तळव्यांत वळून त्याचं सुंभ करायचं, हे मी आठव्या वर्षापासून करत होते. त्यात बोटं भेंडीसारखी निमुळती राहायची कशी?

तरी लाज वाटायचं कारण नव्हतं. आमच्याकडे सगळ्याच बायकांची बोटं तशी. पण आदल्या उन्हाळ्यात मुंबईची एक बाई हवापालटाला शेजारच्या बंगलीत राहायला आली आणि माझं डोकं फिरवून गेली. मी रोज सकाळी तिला शहाळं नेऊन द्यायची. तिच्या लांबसडक गोऱ्या बोटात लाल खड्याची अंगठी होती. खडा चांगला हरभऱ्याएवढा, वर उचललेला. ती शहाळं हातात धरायची तेव्हा तो उन्हात असा पेटायचा की मी तोंड उघडं टाकून बघत उभी. एक दिवस तिने विचारलं, "तुलाही हवंय का गं?" ती शहाळ्याबद्दल बोलत होती. जिच्या बापाचे माड ओट्यापासून थेट वाळूपर्यंत उभे, त्या पोरीला हा प्रश्न! आणि मी "हो" म्हटलं. आमचंच शहाळं तिच्या ओसरीवर बसून पिऊन आले.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं. बाई म्हणजे निमुळती बोटं आणि त्यात लाल खडा. बाकीच्या आपल्या नुसत्या बायका.

पुढच्याच माघात मला बघायला चौलहून माणसं आली. एकोणीसशे तीस उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. मुलगा मुंबईला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. वडील लहानपणीच गेलेले. पोफळीची वाडी आई एकटी सांभाळायची. ती बाई ओटीवर बसली, पोह्यांची बशी बाजूला सारली आणि मला म्हणाली, "हात दे बघू."

मला वाटलं, हातावर काहीतरी ठेवणार. मी लगबगीने पुढे केला. तिने तो उलटा केला, तळव्यावर अंगठा दाबून बघितला, एकेक बोट वाकवून सरळ केलं. बैल घेताना दात बघतात ना, अगदी तस्सं. मग माझ्या आईकडे वळून म्हणाली, "हात चांगला रापलाय, विहीणबाई."

विहीणबाई म्हणाली, म्हणजे पसंती झाली. आईने डोळे पुसले. बाबांनी खाकरून घसा साफ केला. आणि मी? मी मागल्या दारी जाऊन चिंचेने हात घासत बसले. रापलाय म्हणे! मुलाने ऐकलं असेल तर? मुंबईत रोज भेंडीसारखी बोटं बघणारा माणूस तो.

आमच्यात साखरपुड्याला साडी, नारळ आणि साखरेचा पुडा एवढंच असायचं. अंगठीची टूम मुलाने मुंबईहून आणली. त्याच्या छापखान्यातल्या एकाने म्हणे घातली होती. सासूने नाक मुरडलं, पण नाही म्हणाली नाही. एवढाच निरोप पाठवला, "अंगठी करायची तर रोज हातात ऱ्हाईल अशी. पेटीत निजवायला माझ्याकडं सोनं न्हाय. आनि जिच्या बोटात जायची तिलाच निवडू दे."

आमच्या त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे मला आज कळतं. माझ्या आईला तिच्या लग्नातली साडीसुद्धा कुणी विचारून घेतली नव्हती. आणि इथे सून अजून उंबरठ्यावर आली नाही तर सासू तिला सोनं निवडायला सांगते! पण माकडाच्या हाती कोलीत दिलं की माकड थोडंच उपकार मानतं.

आठवड्याभरात अलिबागचा सोनार आमच्या ओटीवर येऊन बसला. म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्याच्या पत्र्याच्या डबीत पितळेचे नमुने होते. त्याने तीन काढून पंचावर ओळीने मांडले. आई दाराआड, बाबा झोपाळ्यावर, मी खांबाला टेकून.

"हे वेढं," त्याने पहिला उचलला. सोन्याच्या जाड तारेचे बोटाभोवती तीन फेरे, बस्स. दिसायला अगदी सुंभाच्या वेटोळ्यासारखं. "ही पट्टीची अंगठी. भरीव करीन, पोकळ नाही, म्हणजे चेपणार नाही. आणि हा खडा." तिसऱ्या नमुन्याला वर चार नख्या होत्या आणि नख्यांत लाल काच. मी खांब सोडून एक पाऊल पुढे आले.

"रोज घालायची आहे ना?" सोनार म्हणाला. "मग मला नीट सांग पोरी. चोख सोनं मऊ असतं. कामाचा हात असेल तर त्यात थोडं तांबं घालावं लागतं. भांडी कोण घासतं?"

"आई."

दाराआड काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"सारवण?"

"धाकटी बहीण."

"आणि सुंभ वळतेस का? नख्या काथ्यात अडकतात, म्हणून विचारतो."

ओटीच्या कोपऱ्यात मी सकाळीच वळून ठेवलेली सुंभाची भली मोठी वळकटी पडली होती. सोनाराने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधीमधी," मी म्हटलं. "मजा म्हणून."

बाबांचा झोपाळा थांबला. पण बाबा भिडस्त माणूस. परक्यासमोर लेकीला खोटं पाडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी पुन्हा झोका घेतला.

"मजा म्हणून वळत असशील तर खडा चालेल," सोनार गंभीरपणे म्हणाला. त्याने बाजूच्या झापातली एक हिरवी पात ओढून तिचा हीर सोलून काढला. हा हीर बोटाभोवती वळवायचा, दोऱ्याने बांधायचा, आणि ते कडं घेऊन तो दुकानात जाणार. म्हणाला, "आण बोट."

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार चाल ऐका. मी मान खाली घातली, पदर पुढे ओढला आणि हळूच म्हटलं, "मी आतून माप देते."

सोनार खूष झाला. बाबांना म्हणाला, "पोर मर्यादेची आहे हो. आजकाल मुली सरळ हात पुढे करतात." दाराआड आईलाही भरून आलं असणार, कारण मघाशी आपटलेलं भांडं तिने अलगद उचलून ठेवलं.

मर्यादेची पोर हीर घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे माझी धाकटी बहीण चुलीशी आठळ्या भाजत बसली होती. अकरा वर्षांची, काडीसारखी.

"बोट दे," मी म्हटलं.

"का?"

"दे म्हटलं ना."

"माझी पण अंगठी करणार?"

"ओरडू नकोस. करणार, तुझ्या लग्नात करणार. हे नाही, त्याच्या शेजारचं."

तिच्या बोटाभोवती हीर वळवला, दोऱ्याने गाठ मारली, आणि डोळे खाली घालून ते इवलंसं कडं सोनाराच्या पंचावर नेऊन ठेवलं. त्याने उचलून चष्म्याजवळ धरलं. मग माझ्या हाताकडे बघायला गेला, तर हात पदराखाली. मर्यादा!

मी वेडी होते, पण इतकीही वेडी नव्हते की काहीच बेत केला नसेल. साखरपुड्याला तीन आठवडे होते. तोवर कामं टाळायची, बोटं आपोआप उतरतील, असा माझा बेत. मोगरीला हात लावायचा नाही. आंघोळीनंतर एकेक बोट खोबरेल लावून ओढायचं. दुपारी सगळे लवंडले की चिंध्यांच्या पट्ट्या काढून प्रत्येक बोट करकचून बांधायचं. आईने एकदा बघितलं आणि विचारलं, "बोटाला काय झालं?" मी म्हटलं, "काटा." ती म्हणाली, "दहाही बोटांना?"

बोटं काही उतरली नाहीत. तीन आठवडे बसून खाल्ल्यामुळे उलट थोडी भरली.

साखरपुडा आमच्याच अंगणात झाला. गावातल्या बायका अंगठी बघायला लोटल्या होत्या, कारण अशी चाल कुणी बघितली नव्हती. मुलगा कोट घालून आला होता. त्याने डबी उघडली आणि लाल खडा चमकला, बायकांच्या तोंडून एकच "अगो बाई!" निघालं. तेवढा क्षण मी खरंच त्या मुंबईच्या बाईपेक्षा मोठी होते.

मग त्याने माझं बोट धरून अंगठी सरकवली. ती पहिल्या पेरावरून गेली आणि दुसऱ्या सांध्याशी जाऊन थांबली. त्याने जरा दाबली. थांबलेलीच. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला; त्याला वाटलं, आपल्यालाच घालता येत नाही. तो कानाशी पुटपुटला, "दुखतंय का?" त्याने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. मी मान हलवून नाही म्हटलं. सासू दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघत होती.

मी त्याच्या पाया पडायच्या निमित्ताने खाली वाकले, हात पोटाशी घेतला, दात आवळले आणि अंगठी सांध्यावरून ढकलली. कातडं सोलून निघालं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. उठून उभी राहिले तर बायका म्हणतात, "पोरगी किती हळवी गं, माहेर सुटायचं म्हणून आत्तापास्नं रडते."

नवरामुलगा दुसऱ्या दिवशी रेवसहून बोटीने मुंबईला गेला. अंगठी बोटात राहिली. ती उतरण्यातली नव्हतीच. पण उतरायची वेळ येईल असं मला तरी कुठे वाटत होतं? दोन दिवस मी डावा हात असून नसल्यासारखा केला. सगळं उजवा हात पुढे करून.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी-तिघी बसायला आल्या. त्यांच्यासमोर अंगठी दाखवायची कशी? नुसता हात पुढे करणं बरं दिसत नाही. म्हणून तीन आठवड्यांत ज्याला हात लावला नव्हता तो काथ्या घेऊन मी सुंभ वळायला बसले. दोन तळवे जोराने एकमेकांवर फिरले आणि नख्यांत काथ्याचा झुबका अडकला. मी हिसका दिला. खडा तिरका झाला, बोट मुरगळलं, आणि मी त्या बायकांसमोर हसत म्हटलं, "काही नाही, काही नाही."

दुसऱ्या सकाळी बोट सुजून पिकल्या सुपारीसारखं झालं. अंगठी मांसात रुतली; तिच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगून वर आलेलं. आईने खोबरेल चोळलं, साबण लावला, पेज लावली, थंडगार पाण्यात हात धरून बसवलं. अंगठी गरगर फिरेना की सरकेना. दिवस वर येईपर्यंत बोट निळं पडायला लागलं. तेव्हा आईने माझ्या धाकटीला बोलावून तिच्या हाताकडे बघितलं, मग अंगठीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात सगळं आलं. मारलं नाही तिने. खाली बसली फक्त.

"सोनाराकडे नेऊन कापून घेऊ," बाबा म्हणाले.

"कापून? आनि लोक काय म्हनतील?"

कारण एव्हाना गावात नियम ठरले होते. अंगठीची चाल आमच्याकडे चार दिवसांची, पण बायकांनी तिचे नियम शंभर वर्षांचे करून टाकले होते. साखरपुड्याची अंगठी लग्नाआधी उतरली तर अपशकुन. खडा हलला तर सासरी भांडण. आणि कापली, तर साखरपुडाच मोडला, मग मुलगी टाकलेली. हे कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण सगळ्यांना माहीत होतं.

बाबा मला म्हणाले, "बोल. अंगठी कापायची का बोट?"

"बोट," मी म्हटलं.

खरंच म्हटलं हो. माणूस सोळाव्या वर्षी किती मूर्ख असू शकतो याला काही सीमा असेल, तर ती मी त्या दिवशी बघून आले. बाबांनी गाडी जुंपली. आई म्हणाली, "आधी चौलला. विहिणीला इचारल्याबिगर अंगठीला हात लावायचा न्हाय. आनि जे हाय ते तू सांगायचंस, तुज्या तोंडानं."

वाटभर मी हात उंच धरून गाडीत बसले होते आणि खोटं जुळवत होते. खेकडा चावला म्हणावं? खेकडा चावला तर जखम दिसते. विंचू? विंचू चावला तर मी इतकी शांत कशी? रेवदंड्याच्या वाटेला लागेपर्यंत माझं मधमाशीवर नक्की झालं.

सासू खळ्यात सुपाऱ्या सोलत बसली होती. आम्हाला बघून तिने पाट मांडले, पाणी दिलं आणि माझ्या हातावरचं फडकं सोडलं.

"काय झालं?"

"मधमाशी चावली, आत्याबाई."

आईने कपाळावर हात मारला.

सासू बोटाकडे बघत राहिली. "मधमाशी अंगठीच्या खाली कशी गेली?"

"आधी चावली. मग अंगठी घातली."

"अंगठी माज्या मुलानं घातली. मी तिथंच हुबी व्हते. तवा काय मधमाशी व्हती?"

चौथा प्राणी आठवेना. मी रडायला लागले, पण तिने रडू मोजलंच नाही.

"माप कोनाचं दिलंस?"

"धाकटीचं."

ती परत सुपाऱ्यांशी जाऊन बसली. एक सोलली, दुसरी सोलली, तिसरी सोलली. आई उभीच. बाबा बैलाच्या पाठीवरून उगाच हात फिरवत होते. मला वाटलं, आता ही उठेल, आत जाऊन आमच्याकडून गेलेला नारळ आणून परत देईल, आणि आम्ही तसेच गाडीत बसून परत जाऊ. उद्या गावात मी बोटाला फडकं बांधून फिरणार आणि कुणीच काही विचारणार नाही. बोट ठणकत होतं, ते त्या तीन सुपाऱ्या सोलून होईपर्यंत मी विसरले.

"का दिलंस?"

"तुम्ही म्हणालात, हात रापलाय."

"मग?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडला नाही."

तिने स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी आणून धरला. काय सांगू! सुपारीच्या डागांनी काळा पडलेला, नखं झिजलेली, बोटं अशी की त्यांच्यापुढे माझं सुजलेलंसुद्धा नाजूक.

"माजा मुलगा मुंबईला ऱ्हातो," ती म्हणाली. "तो काय ही वाडी बघायचा न्हाय. मी सात घरं फिरले, सात पोरींचे हात बघितले. तुजा धरला आनि म्हटलं, हितं टाकते वाडी, मी सुटले. आनि तू मला बारक्या पोरीच्या बोटाचं माप देतेस? उद्या सुपारीचं माप असंच घालशील?"

मी म्हटलं, "नाही." इतक्या बारीक आवाजात, की आईला वाटलं मी अजून खोटंच बोलते, तिने मागून चिमटा काढला.

"लगीन ठेवायचं का मोडायचं ते आत्ता सांगत न्हाय," सासूने पदर खोचला. "आधी बोट. चला, मी येते."

अलिबागेपर्यंत आम्ही चौघं एका गाडीत. सासूने माझा हात कोपरापासून वर धरून ठेवला होता, म्हणजे सूज उतरते म्हणे. मी आपली लग्न मोडलेल्या मुलीसारखी तोंड करून बसले होते. खरं सांगायचं तर त्यातही थोडी ऐट होती. येणारी-जाणारी बघायची ना.

सोनाराने बोट बघितलं आणि काही न विचारता बारीक कानस काढली. मग थांबला. सासूकडे बघून म्हणाला, "साखरपुड्याची आहे. लोक बोलतात."

"सोनं माजं," सासू म्हणाली. "मीच मोडतेय. लोकांनी बोलायचं काय त्यात? घास तू."

तिने माझं मनगट मांडीवर दाबून धरलं आणि तो कानशीने घासायला लागला. सोनं तापतं घासताना, ते तेव्हा कळलं. मी किंचाळले.

"ओरड," सासू म्हणाली. "तुज्या तोंडातनं काहीतरी खरं निघतंय, निघू दे."

अंगठी तुटली. चिमट्याने तिची दोन टोकं फाकवली आणि ती गळून पडली. खडा आधीच नख्यांतून सुटला होता, तो टपकन पाटावर पडून गडगडत कोळशांत गेला. कुणीच शोधला नाही. माझ्या बोटाभोवती खोल निळा चर राहिला होता, आणि त्यात रक्त परत येताना जे ठणकलं ते अजून पावसाळ्यात आठवतं.

सोनाराने तुटकी अंगठी ताटलीत ठेवली, पितळेचे तीन नमुने परत मांडले आणि सासूकडे बघितलं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "तिला इचार. मी येकदा सांगितलंय, तिनं निवडायची."

आता बघा, त्या बाईने मला फटकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. परत निवडायला दिलं म्हटल्यावर माझी मान वर होईना. मी वेढ्यावर बोट ठेवलं.

"का?" सोनाराने विचारलं.

"याला नख्या नाहीत. काथ्या अडकणार नाही. शेण बसलं तरी धुऊन जाईल." मी थांबले. मग तेही बोलून टाकलं, "आणि बोट जाड झालं तर फेरे सैल करता येतात."

"थोडं तांबं घाल," सासू म्हणाली. "भांडी हीच घासते."

सोनाराने नवा हीर काढला. मी दोन्ही हात सरळ त्याच्यासमोर धरले, फडकं नाही, पदर नाही, दुकानात दोन परकी गिऱ्हाइकं बसलेली.

"आज मर्यादा नाही वाटतं?" तो मिशीत हसला. दुसऱ्या हाताच्या त्याच बोटावर त्याने हीर वळवला, सूज उतरल्यावर होईल तेवढा अंदाज धरला. कडं पंचावर ठेवलं. मोठं होतं ते. चांगलं ऐसपैस.

सासूने ते उचललं, स्वतःच्या बोटावर लावून बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्या आईला हाक मारून म्हणाली, "लग्नाला साडी कुठल्या रंगाची घेताय, विहीणबाई?"

आई तिथेच दुकानात पायरीवर बसली आणि रडली. बाबा बैलांना पाणी पाजायला म्हणून बाहेर गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

त्या वेढ्याबद्दल एवढंच सांगते. पहिल्या बाळंतपणात त्याचा एक फेरा सैल केला, तापातून उठल्यावर घट्ट केला. पुढे सासू गेल्यावर पोफळीची वाडी मी बघत होते तेव्हा ते हातातच होतं. मातीत गेलं, शेणात गेलं, राखेत गेलं. एकदा कोयत्याच्या मुठीखाली चेपलं तर मीच दगडाने ठोकून गोल केलं. आता माझ्या नाती अंगठ्या बघायला जातात आणि मला विचारतात, आजी, रोजच्याला कुठली टिकेल? मी सांगते, आधी तुमचा स्वतःचा हात दुकानात न्या. त्यांना वाटतं, म्हातारी चेष्टा करते.

लग्न वैशाखात झालं. मी पाटावर उभी राहिले आणि त्याच बायका, त्याच अंगणात, माझ्या हाताकडे बघायला लागल्या. मधल्या काळात कुजबूज झालेलीच होती. एकीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "खड्याची अंगठी कुठं गेली गो? साखरपुड्याची ती?"

नवरदेवानेही माझ्या हाताकडे बघितलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. सोनं आईचं, पण घडणावळ त्याच्या पगारातली आणि अंगठीची हौसही त्याचीच.

सासू माझ्या बाजूलाच उभी होती. तिने आवाज चढवून सांगितलं, "तो लाल खडा माज्या डोळ्याला खुपला. मीच मोडून वेढं केलं. सोनं माजं, हौस माजी."

सासूने स्वतः मोडलं म्हटल्यावर अपशकुन कुणाचा आणि कसला? नवरदेवाने मान डोलावली, आईच्या हौसेपुढे त्याचं काही चालत नसावं. सगळं झकास मिटलं होतं.

पण मी आता खरं बोलायची शपथ घेतली होती ना! सोनाराच्या दुकानापासून मी खऱ्याची पुतळी झाले होते. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "नाही, ते खरं म्हणजे माझ्या धाकट्या..."

सासूने माझ्या पायावर पाय दिला. नुसता ठेवला नाही, पाटाच्या कडेला धरून, अंगठ्यावर टाच दाबून दिला. तोंडाने मात्र ती हसत होती आणि अक्षता वाटा म्हणून सांगत होती. मी तोंड मिटलं. मंगलाष्टकं संपेपर्यंत तिने टाच उचलली नाही.